स्लॅबच्या काँक्रीटमध्ये गूळ घालून सेटिंग लांबवता येतं का? मिस्त्री म्हणतात, बॅगेला पाव किलो

राजेंद्रनगर_साइट (इंदूर)

नमस्कार मंडळी. वडिलांची छोटी ठेकेदारी होती, त्यांच्या हृदयाच्या दुखण्यानंतर गेली तीन वर्षं साइट मी बघते. राजेंद्रनगरातल्या एका घराचा पहिल्या मजल्याचा स्लॅब मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरायचा आहे. १,१०० चौरस फूट, जाडी ५ इंच, बीम धरून १६ घनमीटरच्या आसपास माल. एम-२५ (२८ दिवसांनी २५ मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट), राखमिश्रित पीपीसी सिमेंट, अंदाजे १२० बॅगा. गल्ली अरुंद, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी वळत नाही, म्हणून साइटवरच मिक्सर आणि लिफ्ट. आमचा मिक्सर तासाला बारा-तेरा बॅगांच्या वर जात नाही. म्हणजे सकाळी सातला नारळ फोडला तरी संध्याकाळचे पाच वाजणार, आणि मधली सगळी दुपार ४२-४३ अंशांची.

मागच्या वर्षी असाच एक स्लॅब मेमध्येच भरला. दुपारी दीडला लिफ्टचा दोर अडकला, पाऊण तास गेला. परत येऊन कडेला थापी मारली तर आवाज टणक. तरीही मी पुढचा माल त्याला लावून घेतला. जुलैत त्या घराच्या बेडरूममध्ये छताला ओलीची एक रेघ उमटली, पट्टीनं आखल्यासारखी, बरोबर त्याच सांध्यावर. मालकीणबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त खाली बादली आणून ठेवली. ती बादली अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

आमचे मिस्त्री धारचे, वडिलांच्या वेळचे. ते म्हणतात, "पानी में गुड़ घोल दो बाई, माल जल्दी नहीं पकड़ेगा." किती, विचारलं तर "बोरी पीछे पाव भर." त्यांचं म्हणणं उडवून लावायची माझी हिंमत नाही, कारण लहानपणी आमच्याच गच्चीच्या चुन्यात गूळ-मेथीचं पाणी पडताना मी पाहिलंय. शिवाय दुकानात जो तपकिरी प्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट मऊ ठेवणारं द्रावण) मिळतो, त्यात लिग्नोसल्फोनेट असतं आणि ते लाकडापासून कागदाचा लगदा करताना उरलेल्या द्रावातून येतं, असं वाचलं. कागद कारखान्याचा उरलेला द्राव चालतो, मग उसाचा गूळ का चालू नये? कोणी प्रत्यक्ष वापरलाय का? प्रमाण काय? ताकदीचं काय होतं?

क्यूबमोल्ड (वडोदरा)

ताई, पाव किलो अजिबात घालू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, हे आधी मिस्त्रींना सांगा.

आता हिशोब. साखरेनं सिमेंट उशिरा धरतं हे अगदी खरं आहे, जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. पण त्याला लागणारी साखर सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के इतकीच. ५० किलोच्या बॅगेला २५ ग्रॅम. तेवढ्यानं सेटिंग साधारण चार तास पुढे जातं. ०.२ टक्क्यांपासून, म्हणजे बॅगेला १०० ग्रॅमपासून पुढे सिमेंट जवळजवळ धरतच नाही. तुमच्या मिस्त्रींचा पाव किलो म्हणजे ०.५ टक्के. त्यातला निव्वळ साखरेचा भाग धरला तरी मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. साखर फारच जास्त झाली तर उलटाच प्रकार घडू शकतो, माल मिनिटांत आखडतो आणि ताकद मात्र येत नाही. सगळ्या १२० बॅगांना मिळून ३ किलो साखर पुरते, तिथे ते ३० किलो गूळ ओतायला निघालेत.

का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की प्रमाणाची भीती आपोआप बसते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की कणांच्या अंगावर कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचे बारीक अंकुर फुटतात आणि ते एकमेकांत गुंतत गेले की माल कडक होतो. साखरेचे रेणू या अंकुरांना चिकटून बसतात आणि त्यांची वाढ अडवतात. थोडी साखर असेल तर काही तासांत ती नव्या थरांखाली गाडली जाते आणि काम पुन्हा सुरू होतं. जास्त असेल तर अंकुर फुटतच नाहीत. म्हणून योग्य मात्रेत पहिल्या काही दिवसांची ताकद कमी दिसते, पण २८ दिवसांची कमी होत नाही, उलट किंचित वाढलेलीही दिसते. गाठी घाईनं न पडता सावकाश पडल्या की वीण बरी येते, तसंच काहीसं.

हा गुण मुद्दाम वापरतातही. इंग्लंड आणि फ्रान्सला जोडणाऱ्या समुद्राखालच्या बोगद्याच्या कामात, जमिनीखाली यंत्रं धुवायची सोय नव्हती, तेव्हा उरलेलं काँक्रीट गोठू नये म्हणून त्यात मळी (साखर कारखान्यात उरणारा काळा चिकट द्रव) घातली होती. मिक्सरची गाडी रस्त्यात बंद पडली तर ड्रममध्ये साखर टाकून माल मारून टाकणं हाही ठाऊक असलेला उपाय. लक्षात घ्या, तिथे माल फेकायचाच असतो.

लिग्नोसल्फोनेटबद्दल तुमचा तर्क चुकलेला नाही. ते लाकडातून येतं, त्याच्यात लाकडातली साखर मिसळलेली असते आणि सेटिंग लांबवण्यात तिचाही हात असतो. फरक एवढाच की कॅनमधला माल आयएस ९१०३ या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेला असतो, दर लिटरमागे आत काय आहे ते ठरलेलं असतं. गुळाच्या ढेपेवर ते लिहिलेलं नसतं. काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्येसुद्धा रिटार्डरची (सेटिंग लांबवणाऱ्या रसायनाची) मर्यादा सिमेंटच्या ०.५ टक्के दिली आहे, पण ती अशा तयार द्रावणासाठी. कोणी तो आकडा साखरेला लावला तर अनर्थ होईल.

गुऱ्हाळ_कोल्हापूर

वडोद्याच्या काकांनी ढेपेचं काढलं म्हणून लिहितो, आमचं घरचं गुऱ्हाळ आहे.

गूळ म्हणजे साखर नव्हे. रसात चुन्याची निवळी पडते, रसातला मळ वर यावा म्हणून भेंडीचा चिकट रस पडतो, काही जण रंगासाठी हायड्रॉस घालतात. ऊस कोवळा असेल, तुटून दोन दिवस पडलेला असेल, पाऊस लागलेला असेल, तर रसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं आणि गूळ मऊ पडतो. एकाच आधणातल्या दोन ढेपांत फरक निघतो, तिथे दोन गावांच्या गुळाचं काय सांगू? काकवीत तर पाणीही जास्त आणि फुटलेली साखरही जास्त. कारखान्याच्या मळीत साखर वजनाच्या निम्म्याच्या आसपास असते, पण ती परवान्याशिवाय जागची हलत नाही आणि हल्ली बरीचशी इथेनॉलकडे जाते. तुम्हाला दोन डबे मिळायचे नाहीत.

अजून एक. आमच्या गुऱ्हाळाच्या काहिलीभोवतीचा सिमेंट कोबा दर काही वर्षांनी पोखरला जातो. रस सांडतो, आंबतो आणि कोब्यातला चुना खातो. पुरता पिकलेला कोबा जिथे टिकत नाही, तिथे ओल्या मालात हातानं गूळ टाकायला माझा जीव धजणार नाही.

राजेंद्रनगर_साइट (इंदूर)

दोघांचे मनापासून आभार. मिस्त्रींना २५ ग्रॅमचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतने में तो चाय भी मीठी नहीं होती." मी ठरवलं, त्यांना दाखवल्याशिवाय पटायचं नाही आणि मलाही हातानं केल्याशिवाय चैन पडायचं नाही.

रविवारी घराच्या गच्चीवर जिन्याच्या सावलीत बसले. एकेक किलो पीपीसी, पाणी सगळ्यांना सारखं मोजून, साखर आधी पाण्यात पूर्ण विरघळवलेली. वजनाला शेजारच्या सराफांचा काटा मागून आणला. पाच थाळ्यांत लगद्याचे गोळे थापले: एक कोरा, बाकीच्यांत अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम, दोन ग्रॅम आणि पाच ग्रॅम साखर. शेवटची थाळी मिस्त्रींचा पाव किलो, फक्त गुळाऐवजी साखर. व्हिकॅटची सुई (सेटिंग मोजायचं उपकरण) माझ्याकडे नाही, त्यामुळे दर अर्ध्या तासानं अंगठ्याचं नख.

कोऱ्या गोळ्यावर पावणेतीन तासांत नख उमटेनासं झालं. अर्ध्या ग्रॅमवाला सहा तास मऊ होता. एक ग्रॅमवाला रात्री झोपताना ओलाच, सकाळी धरलेला. दोन ग्रॅमवाल्यात दुसऱ्या संध्याकाळीही नख शिरत होतं. आणि पाच ग्रॅमवाला गोळा चौथ्या दिवशी मिस्त्रींनी स्वतः उचलला, तो त्यांच्या हातात वाळलेल्या मातीसारखा फुटला. ते थाळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चुन्यात गूळ घालायला शिकवलं होतं, सिमेंटमध्ये नाही, ते आपणच जोडून घेतलं. साठीच्या माणसानं असं कबूल करणं सोपं नसतं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

त्यानंतर सियागंज बाजारातून दोन प्रकारचा गूळ आणला, एक पिवळा कडक, एक काळपट मऊ. दोन्ही अर्धा ग्रॅम किलोला. दोन गोळ्यांत सव्वा तासाचा फरक पडला. कोल्हापूरच्या दादांचं म्हणणं माझ्या गच्चीवर खरं ठरलं.

आता माझा खरा प्रश्न उरतो. साखरच मोजून, बॅगेला २५ ग्रॅमच्या पुड्या करून, दर घाण्याच्या (मिक्सरच्या एका खेपेच्या) पाण्यात विरघळवून घातली तर? कॅन आणायला पैसे लागतात म्हणून नाही विचारत. मला हे नीट समजून घ्यायचंय.

क्यूबमोल्ड (वडोदरा)

फार चांगलं केलंत. सराफाच्या काट्याचं विशेष कौतुक, कारण सगळा खेळ वजनाचाच आहे.

पुड्यांची कल्पना कागदावर ठीक आहे. साइटवर अडचण माणसांची. दुपारी दोन वाजता मिक्सरवर उभा असलेला मजूर एका घाण्यात दोन पुड्या टाकेल, पुढच्यात विसरेल. विसरलेला घाणा पावणेतीन तासांत धरेल आणि दोन पुड्यांचा दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहील. तुमच्या स्लॅबमध्ये एका सांध्याऐवजी अशी दहा ठिकाणं तयार होतील, आणि ती वरून दिसणारही नाहीत. दुसरं, साखर केव्हा पडली यालाही महत्त्व आहे. पहिल्या पाण्याबरोबर न घालता दोन-चार मिनिटांनी घातली तर तेवढीच साखर जास्त वेळ लांबवते. तयार द्रावणातही या गोष्टी असतात, पण तिथे एक लिटरच्या मापात दहा-वीस मिलिलिटर इकडेतिकडे झालं तर निभावतं. साखरेत १० ग्रॅमची चूकही महागात जाते.

आणि एक गैरसमज. सेटिंग लांबलं म्हणजे मालाचा ओलावा टिकला असं नाही. उन्हात पाणी उडून माल घट्ट होतो, ते वेगळं. रिटार्डर घातलेला स्लॅब जास्त वेळ ओला राहतो आणि तुमच्याकडच्या लूमध्ये वरून सुकत राहतो, त्यामुळे कोवळेपणीच केसासारख्या चिरा पडायचा धोका वाढतो. म्हणून घोटून झालं की लगेच प्लास्टिक पसरा, पाण्याचा हबका मारायची वाट बघू नका. टेकू काढायलाही घाई नको. आयएस ४५६ मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकूंना ७ दिवस आणि त्याहून मोठ्यांना १४ दिवस दिलेत, पण ते साध्या ओपीसी सिमेंटसाठी. तुमचं पीपीसी, त्यात रिटार्डर. मी असतो तर क्यूब (त्याच मालाचे चाचणीचे ठोकळे) फोडून ताकद बघितल्याशिवाय हात लावू दिला नसता.

चुनाभट्टी_ग्वाल्हेर

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या डागडुजीची कामं करतो. मिस्त्रींची बाजू मांडायला आलोय, कारण त्यांची आठवण खोटी नाही.

चुन्याच्या गाऱ्यात आम्ही आजही गूळ, बेलफळाचा गर, मेथी, उडदाचं पाणी वापरतो. पण चुना सिमेंटसारखा पाण्यानं धरत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू परत दगड होतो, त्याला महिने-वर्षं लागतात. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा खूप जास्त विरघळतो, तो भेगाभेगांत शिरतो आणि तिथे पक्का होतो. बेल आणि उडदाचा चिकटपणा गाऱ्याला लोण्यासारखा करतो, पाणी धरून ठेवतो. तिथे घाई कोणालाच नसते, त्यामुळे मूठभर गूळ कमी-जास्त झाला तर काही बिघडत नाही. मुठीनं मोजायची सवय तिथली आहे, आणि तिथे ती बरोबरच आहे. पिढ्या बदलल्या, चुना गेला, सिमेंट आलं, मूठ तीच राहिली. आमच्याकडेही जुने कारागीर हीच चूक करतात. त्यांना कमी लेखू नका एवढंच सांगणं.

सांवेररोड_प्रीकास्ट (इंदूर)

गुळावरून आठवलं, ताई, तुमच्या साइटवर पाणी मारायला गोणपाट कुठून आणता? आम्ही एकदा स्वस्तात मिळाली म्हणून किराणा बाजारातून रिकामी पोती उचलली आणि ताज्या टाकीच्या झाकणांवर भिजवून पसरली. साखरेची होती. तिसऱ्या दिवशी पोती उचलली तर वरचा पापुद्रा हाताला पिठासारखा लागला, त्यावर तागाची वीण उमटलेली. खालचा माल ठणठणीत होता, पण अठ्ठावीस झाकणं घासून परत घोटायला लागली. त्या दिवसापासून पोतं आधी धुतो, वास घेतो, मग वापरतो.

असंच नव्या ओल्या लाकडाच्या फळ्यांचं. लाकडातली साखर आणि टॅनिन उतरतं आणि सेंट्रिंग काढल्यावर तळ भुरभुरतो. नव्या फळीला आधी सिमेंटची किंवा चुन्याची पाणीदार लापशी फासून, वाळवून, धुऊन घ्या.

बाकी तुमच्या स्लॅबसाठी सांगू? रिटार्डर घाला पण त्याच्या भरवशावर राहू नका. पहाटे तीनला सुरू करा. गिट्टीवर आदल्या दिवशी सावली करा आणि रात्री पाणी शिंपडा, काँक्रीटमध्ये गिट्टी आणि वाळू मिळूनच तीन-चतुर्थांश माल असतो, तो तापला की सगळं तापलं. पाण्याची टाकी उन्हात ठेवू नका, बर्फाच्या लाद्या फोडून टाका. आयएस ७८६१ प्रमाणे माल ओतताना ४० अंशांच्या वर जाता कामा नये, दीडशे रुपयांचा थर्मामीटर घ्या आणि खुपसून बघा. आणि काही अडलंच तर मागच्यासारखं ओढून न्यायचं नाही. स्पॅनच्या मधल्या तिसऱ्या भागात उभी फळी लावा, तिथे थांबा. दुसऱ्या दिवशी तोंड खरवडून, धुऊन, मग पुढे. नीट केलेला सांधा गळत नाही.

राजेंद्रनगर_साइट (इंदूर)

स्लॅब झाला. उशिरा लिहून राहिले, कारण क्यूब फुटेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

लिग्नोसल्फोनेटवाला रिटार्डिंग प्लास्टिसायझर आणला. तोही आधी गच्चीवर आमच्याच सिमेंटबरोबर तपासला, कंपनीनं लिहिलेल्या मात्रांतल्या मधल्या मात्रेला साडेपाच तास मिळाले. मोजून देण्याचं काम मजुराकडे न देता मिस्त्रींकडेच दिलं. त्यांनी मिक्सरशेजारी खुर्ची टाकली, दर घाण्याला मापानं ओतलं आणि कोळशानं भिंतीवर एकेक रेघ मारली. पहाटे सव्वातीनला सुरू केलं, अकराला निम्म्याहून बराच पुढे होतो, एक वाजता संपलं. बर्फाच्या सहा लाद्या लागल्या. सर्वांत गरम घाणा ३६ अंशांचा. साडेनऊला लिफ्ट पुन्हा वीस मिनिटं बंद पडली आणि माझ्या पोटात गोळा आला, पण कडेला व्हायब्रेटर घातला तर तो आपल्या वजनानं आत गेला आणि दोन्ही माल एकजीव झाले. मागच्या वर्षी हीच परीक्षा मला माहीत असती तर...

प्लास्टिक लगेच पसरलं. पोती धुऊन, वास घेऊन. टेकू चौदाव्या दिवसापर्यंत हलवले नाहीत. ७ दिवसांचे क्यूब जरा कमी आले, वडोद्याच्या काकांनी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. २८ दिवसांच्या तीन क्यूबची सरासरी ३३ मेगापास्कल.

मागच्या वर्षीच्या त्या बाईंकडेही जाऊन आले. सांधा वरून खाच पाडून, साफ करून, भरून दिला, पैसे घेतले नाहीत. पाऊस सुरू झाला की पुन्हा जाऊन बघेन.

आणि सियागंजातून आणलेला गूळ उरला होता. मिस्त्री म्हणाले, ओट्याच्या पायऱ्यांवर गिट्टी उघडी दिसावी असं मालकांना हवंय ना, तर घोटल्यावर वरून गुळाचं पाणी शिंपडू, दुसऱ्या दिवशी ब्रशनं धुऊ, वरचा पापुद्रा निघून जाईल. त्या झाकणांचा किस्सा मी त्यांना वाचून दाखवला होता, त्यावरून त्यांना सुचलं. आधी एका जुन्या फरशीवर करून बघितलं, मग पायऱ्यांवर. काळी गिट्टी सुरेख उघडी झाली आहे. राहिलेली ढेप स्लॅबच्या दिवशी मजुरांना पाण्याबरोबर वाटली, खाली, फाटकापाशी. वर घेऊन जायला मिस्त्रींनीच मनाई केली होती.